गठ्ठ्याचं वजन आणि पाच खाचांची कडी

सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड बाजारातून भर दुपारी बाहेर पडणारी मोटारसायकल क्वचितच रिकामी असते. मागच्या सीटवर साड्यांचा गठ्ठा जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेला, पेट्रोलच्या टाकीवर दुसरा गठ्ठा, आणि या दोन्हींच्या मधोमध अंग चोरून बसलेला चालवणारा. हलक्या पॉलिस्टर साडीचं वजन चार-पाचशे ग्रॅम धरलं, तरी शंभर साड्यांचा गठ्ठा चाळीस-पन्नास किलोंचा होतो. हीच गाडी दुपारी गठ्ठे उतरवून मोकळी परतते. संध्याकाळी तिच्यावर नवरा-बायको आणि मूल असतं, आणि सणासुदीला हेच कुटुंब पिशव्यांसकट नवापूरच्या दिशेने निघतं. एका दिवसात गाडीवरचा भार तीन-चार वेळा बदलतो. मागच्या स्प्रिंगखालची पाच खाचांची कडी मात्र शोरूममधून जशी आली तशीच असते, किंवा कधीकाळी कुणी ती शेवटच्या खाचेवर नेऊन ठेवलेली असते.

सुरतेच्या गॅरेजात ज्याला जंपर म्हणतात आणि धुळे-जळगावकडे शॉकअप, त्या नळकांड्याच्या तळाशी ही कडी असते. तिच्या कडेवर जिन्यासारखे टप्पे कापलेले असतात आणि नळकांड्यावरचा एक खुंट त्यातल्या कुठल्यातरी टप्प्यात बसतो. चंद्रकोरीसारख्या तोंडाचा पाना कडीत अडकवून ती फिरवली की स्प्रिंगचं बूड एकेक टप्पा वर सरकतं. काम दोन मिनिटांचं आहे. दोन्ही बाजू एकाच खाचेवर ठेवायच्या, एवढंच पथ्य.

ही कडी करते काय, याबद्दल मोठा गैरसमज आहे. गाडी ‘कडक’ करायची म्हणून ती फिरवली जाते, पण एकसारख्या वेटोळ्यांची स्प्रिंग कडी फिरवल्याने कडक होत नाही. तिला एक सेंटिमीटर दाबायला आधी जेवढा जोर लागत होता तेवढाच नंतरही लागतो. बदलतं ते एवढंच, की वजन पडल्यावर गाडीची मागची बाजू किती खाली बसते. भार वाढला की मागची बाजू प्रमाणाबाहेर खचते, आणि खड्डा आला की चाकाला वर यायला जागाच उरत नाही. कडी वर नेली की खचलेली उंची परत मिळते. भार उतरल्यावर ती खाली आणायची असते, नाहीतर एकट्या माणसाचं वजन स्प्रिंगला पुरेसं दाबतच नाही आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा थेट कमरेपर्यंत पोचतो. थोडक्यात, आज गाडीवर किती वजन आहे हे गाडीला सांगण्याची सोय म्हणजे ही कडी. मोटारसायकलच्या स्प्रिंगांचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर ही सोय चालवणाऱ्याच्या हातात कशी आली आणि हळूहळू नजरेआड कशी झाली, ते कळतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बहुतेक मोटारसायकलींना मागे काहीच नसे. चाक थेट सांगाड्याला बोल्टने जोडलेलं, आणि धक्के झेलायला फक्त सीटखालच्या स्प्रिंगा. पुढे मात्र गर्डर नावाचा चिमटा आणि त्यावर एक उघडी स्प्रिंग असे. ती उसळत राहू नये म्हणून शेजारी घर्षणाच्या चकत्या बसवलेल्या आणि त्यांच्यावर हाताने पिळायची मूठ. रस्ता खराब झाला की चालवणारा हात खाली नेऊन मूठ सैल करायचा, वेग वाढला की आवळायचा. यंत्र ओबडधोबड होतं, पण रस्ता आणि भार पाहून ते जुळवून घेणं हा गाडी चालवण्याचाच भाग होता.

1935 साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने आर 12 आणि आर 17 या गाड्यांना एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा पुढचा फोर्क दिला. त्याच्या आत तेल होतं, आणि हे तेल बारीक भोकांतून ढकललं जाताना स्प्रिंगची उसळी शमवत होतं. चकत्या गेल्या, मूठ गेली. काम अधिक सफाईने होऊ लागलं, पण ते नळीच्या आत बंद झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसने मागच्या चाकासाठी झुलत्या दांड्याचं, म्हणजे स्विंग आर्मचं तंत्र पक्कं केलं. 1950 मध्ये नॉर्टनच्या ‘फेदरबेड’ सांगाड्यातून ते शर्यतीच्या मैदानावर गाजलं. त्याच्या जरा आधी, 1948-49 च्या सुमारास, रॉयल एनफिल्डने आपल्या बुलेटला पुढे तेलाचा फोर्क आणि मागे स्विंग आर्म दिला होता.

आता चाक वर-खाली भरपूर हलू लागलं आणि नवा प्रश्न उभा राहिला. एकटा माणूस बसला तर स्प्रिंग जास्त कडक वाटते, मागे कुणी बसलं तर जास्त नरम. ब्रिटिश कारखान्यांनी याची दोन उत्तरं काढली. व्हेलोसेटने शॉकअपचं वरचं टोक कमानीच्या आकाराच्या लांबट खाचेत बसवलं. बोल्ट सैल करून टोक पुढे-मागे सरकवलं की शॉकअपचा कोन बदलायचा आणि त्याबरोबर चाकावरचा जोरही. गर्लिंग कंपनीने साधा, स्वस्त मार्ग घेतला. स्प्रिंगखाली तीन टप्प्यांची कडी. जगभर चाललं ते गर्लिंगचं उत्तर, आणि सुरतेच्या गठ्ठेवाल्याच्या गाडीखाली आज जी आहे ती तिचीच वंशज.

भारतात हे तंत्र आलं आणि लवकरच ओझ्याच्या कामाला लागलं. 1950 च्या दशकात सीमेवरच्या गस्तीसाठी सरकारने 800 बुलेट मागवल्या आणि त्यातून 1955 मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. 1961 मध्ये म्हैसूरला आयडियल जावा सुरू झाली. 1962 पासून एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीच्या आराखड्यावर राजदूत बनवायला घेतली. सुरुवातीच्या राजदूतला पुढे सरकत्या नळ्यांचा फोर्क नव्हता. पुढचं चाक एका झुलत्या दांड्यावर टांगलेलं होतं. दिसायला बोजड, पण खेड्यातल्या रस्त्याला चिवट. दूधवाल्यांनी ही गाडी आपली मानली, ती याच चिवटपणामुळे. चाळीस लिटरचे दोन भरलेले कॅन म्हणजे डब्यांचं वजन सोडून ऐंशी किलोंहून जास्त भार, तोही मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना लटकलेला. गाडी घेणारा वेग किती हे नंतर विचारायचा, आधी विचारायचा ‘किती उचलते?’

शॉकअप इथेच बनवण्याचं काम महाराष्ट्रात रुजलं. 1961 साली मुंबईच्या मुलुंडला गॅब्रिएल इंडिया हा कारखाना अमेरिकेच्या मेरमाँट कंपनीच्या सहकार्याने सुरू झाला. पुढे नाशिक आणि चाकण इथेही त्याचं काम पसरलं. 1985 मध्ये बजाजने औरंगाबादजवळ (आजचं छत्रपती संभाजीनगर) वाळूजला आपला दुसरा मोठा कारखाना काढला. त्याच सुमारास तिथे ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांपासून सुरुवात करणारी एन्ड्युरन्स पुढे शॉकअप आणि फोर्क बनवणाऱ्या देशातल्या मोठ्या कंपन्यांत गणली जाऊ लागली. हीरो होंडासाठी जपानच्या शोवाबरोबर गुडगावला मुंजाल शोवा उभी राहिली तीही 1985 मध्येच. मुलुंड, वाळूज आणि गुडगाव या तीन ठिकाणच्या कारखान्यांनी पुढच्या काळात देशातल्या असंख्य दुचाकीस्वारांच्या पाठीचं सुख-दुःख ठरवलं.

तोवर रस्त्यावर राज्य होतं स्कूटरचं. चेतक 1972 मध्ये आली आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. चार माणसांचं कुटुंब, वर गॅसची टाकी, हे दृश्य त्या काळात सगळ्या शहरांत सारखंच. पण छोट्या चाकांची स्कूटर मोठ्या खड्ड्यात अडकायची. 1984-85 मध्ये इंड-सुझुकी, यामाहा आरएक्स 100 आणि हीरो होंडा सीडी 100 या जपानी घराण्याच्या हलक्या गाड्या आल्या, त्यांची चाकं मोठी होती आणि पेट्रोलचा खर्च कमी. 1994 मध्ये स्प्लेंडर आली. दशक संपता संपता मोटारसायकलने स्कूटरला मागे टाकलं, आणि 2001 मध्ये हीरो होंडा जगातली सर्वांत मोठी दुचाकी कंपनी झाली. शंभर-सव्वाशे किलोंच्या आसपासच्या या गाड्यांवर दोन माणसं बसली की गाडीच्या वजनाहून जास्त ओझं तिच्यावर येऊ लागलं. जड बुलेटला पन्नास किलोंचा फरक फारसा जाणवत नाही. हलक्या स्प्लेंडरचा सगळा तोल त्याने बदलतो. कडीची खरी गरज वाढली ती इथे.

सुरतेत ही गरज जितकी आहे तितकी फार थोड्या शहरांत असेल, आणि त्याचं कारण खान्देशाशी जोडलेलं आहे. 1900 साली ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेहून अमळनेरपर्यंत धावू लागली आणि तापीच्या खोऱ्यातली गावं सुरतेच्या दारात आली. अमळनेरच्या प्रताप मिलसारख्या गिरण्यांमुळे खान्देशात कापडाचं काम जाणणारे हात होतेच. सुरतेत यंत्रमाग वाढले तसे नंदुरबार, धुळे, जळगाव जिल्ह्यांतून हजारो माणसं आली आणि उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा या भागांत स्थिरावली. आज तिथे श्रावणात कानबाईची मिरवणूक निघते, मराठी माध्यमाच्या महापालिका शाळा चालतात आणि चहाच्या टपरीवर अहिराणी ऐकू येते. मागाच्या खात्यातून निघालेले तागे प्रोसेसिंगला, तिथून भरतकामाला, तिथून बाजारात असे शहरभर फिरत असतात. मोठा माल टेम्पोत जातो. पण घाईचा, थोडा, मधल्या फेरीचा माल दुचाकीवरच जातो.

आणि आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली की हीच गाडी गावी निघते. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी, मग कोंडाईबारीचा घाट आणि पुढे साक्री, धुळे. दोनशे किलोमीटरांहून जास्त अंतर. हजिऱ्याहून निघणारा हा महामार्ग आधी क्रमांक 6 होता, आता 53 आहे. गुजरातच्या बाजूचा रस्ता आधी रुंद झाला. महाराष्ट्रात फागणे ते गुजरात सीमा या टप्प्याचं चौपदरीकरण अनेक वर्षं रेंगाळलं. त्या काळात सुरतेचा गाडीवाला सीमेपर्यंत सपाट डांबरावरून वेगात यायचा आणि नवापूर ओलांडताच उखडलेल्या कडांवर, अर्धवट भरावांवर उतरायचा. मागे बायको, मधे मूल, हुकला पिशवी. सरळ रस्त्यावर खचलेली मागची बाजू फारशी खटकत नाही. घाटाच्या वळणावर ती जीवावर बेतू शकते, कारण मागे बसलेली गाडी पुढचं चाक हलकं करते आणि हँडल ऐनवेळी हवं तसं ऐकत नाही. शिवाय मागची बाजू खाली गेली की हेडलाइटचा झोत वर जातो. रात्री समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याचे डोळे दिपतात आणि स्वतःच्या पुढचा खड्डा अंधारातच राहतो. कडी दोन खाचा वर नेली असती, तर यातलं बरंच टळलं असतं.

शहरातले रस्ते मात्र एका आपत्तीनंतर पालटले. सप्टेंबर 1994 मध्ये प्लेगची साथ आली. लाखो लोक सुरत सोडून गेले, त्यांत खान्देशात परतलेली कुटुंबंही होती. 1995 मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. कचरा आणि गटारांबरोबर त्यांनी रस्त्यांवरची अतिक्रमणं काढली आणि रस्ते रुंद केले. पुढे उड्डाणपुलांची रांगच लागली. दुचाकीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की जिथे ताशी पंधरा-वीसच्या वेगाने खड्डे चुकवत जायचं तिथे आता पन्नासच्या वेगाने पुलाच्या सांध्यांवरून जायचं. हळू येणारा मोठा खड्डा स्प्रिंग झेलते. वेगात येणारा छोटा सांधा आतल्या तेलाची परीक्षा घेतो. तेल कमी झालेला शॉकअप पहिल्या परीक्षेत कसाबसा पास होतो आणि दुसरीत नापास. ते ओळखायची रीत सोपी आहे. गाडीची शेपटी दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडायची. ती एकदा वर येऊन थांबली तर तेल काम करतंय. दोन-तीनदा नाचली तर स्प्रिंग एकटीच उरली आहे, आणि कडी कितीही फिरवली तरी उपयोग नाही.

गतिरोधकांचीही एक कथा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने 1988 च्या नियमावलीत गोलसर गतिरोधकाची मापं दिली: रुंदी 3.7 मीटर, उंची 10 सेंटिमीटर. एवढ्या रुंद उंचवट्यावरून ताशी 25 च्या वेगाने गेलं तर चाक हळूहळू चढतं आणि हळूहळू उतरतं. सोसायटीच्या फाटकाशी आणि गल्लीच्या तोंडाशी लोक हौसेने घालतात ते अरुंद, उभे दगडी बांध या मापात कुठेच बसत नाहीत. त्यांच्यावर भरलेली गाडी आपटली की स्प्रिंग पूर्ण दबून रबरी ठोकळ्यावर आदळते. दिवसातून अशा दहा आपट्या बसल्या की तेलाच्या सीलचं आयुष्य घटतं.

ऑगस्ट 2006 च्या पुराने पुढच्या फोर्कबद्दल धडा शिकवला. उकाई धरणातून सोडलेलं पाणी शहरात शिरलं आणि सुरतेचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. तळमजल्यावरच्या आणि पार्किंगमधल्या दुचाकी दिवसच्या दिवस बुडून राहिल्या. पाणी ओसरल्यावर इंजिनाचं तेल बदललं गेलं, प्लग बदलला गेला, गाडी सुरू झाली आणि लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. फोर्कच्या नळ्यांमध्ये शिरलेलं पाणी मात्र तिथेच राहिलं. पाणी मिसळलेलं फोर्क ऑइल दुधाच्या चहासारखं गढूळ होतं, ते धक्के शमवत नाही आणि आतून गंज धरतं. प्रत्येक नळीत ठराविक मिलिलिटर तेल लागतं, तेही दोन्हीकडे सारखं, हे गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं. पूर येवो न येवो, ते तेल ठराविक काळाने बदलायचं असतं. इंजिन ऑइलची आठवण सगळे ठेवतात. फोर्क ऑइलची आठवण सील फुटून नळीवर तेल ओघळल्यावरच होते.

एकविसाव्या शतकात शॉकअप अचानक जाहिरातीत आला. 2001 मध्ये पल्सर आली आणि काही वर्षांत तिच्या मागच्या शॉकअपला तेलाबरोबर नायट्रोजनचा डबा जोडला गेला. वेगाने घुसळलं गेलं की तेलाला फेस येतो आणि फेस धक्का शमवू शकत नाही. दाबाखालचा वायू तो फेस होऊ देत नाही. ही कल्पना क्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बों या फ्रेंच अभियंत्याची, 1950 च्या दशकातली. सीटी 100 सारख्या स्वस्त गाडीत बजाजने स्प्रिंगच्या आत दुसरी स्प्रिंग बसवली, म्हणजे हलक्या भाराला एक उत्तर आणि जड भाराला दुसरं. कडी फिरवायला विसरणाऱ्या देशासाठी हा शहाणा उपाय होता.

2004 मध्ये होंडाची युनिकॉर्न मागे एकच शॉकअप घेऊन आली, 2008 मध्ये यामाहाची एफझी. या एका शॉकअपचा उगम मोटोक्रॉसच्या चिखलात आहे. बेल्जियमच्या लिएज शहरातले प्राध्यापक ल्युसियाँ टिल्केन्स यांची रचना यामाहाने घेतली आणि 1973 मध्ये हाकान अँडरसनने तिच्या जोरावर 250 सीसीचं जगज्जेतेपद जिंकलं. 2012 मध्ये चाकणला बनलेली केटीएम ड्यूक 200 डब्ल्यूपीचा उलटा फोर्क घेऊन आली, आणि ज्या मुलांचे वडील राजदूतला ‘किती उचलते’ विचारायचे ती मुलं आता फोर्कचा व्यास विचारू लागली. 2019 मध्ये तर सुरतेच्या ‘बायकिंग क्वीन्स’ या महिला मोटारसायकलस्वारांच्या गटाच्या संस्थापक सारिका मेहता आणि त्यांच्या दोन सहकारी वाराणसीहून लंडनपर्यंत मोटारसायकलवर गेल्या. इतक्या लांबच्या प्रवासात सामानाच्या वजनाप्रमाणे मागची स्प्रिंग लावून घेणं ही तयारीची पहिली पायरी असते.

पण एका शॉकअपची गाडी घेणाऱ्याला किंमतही मोजावी लागली. कडी सीटखाली, साइड पॅनेलच्या मागे गेली. तिथे पाना पोचवायला खटपट करावी लागते आणि काही गाड्यांत भाग उघडावे लागतात. गर्डरच्या काळात चालत्या गाडीवर हाताने पिळता येणारी गोष्ट आता सर्व्हिसच्या दिवसाची वाट पाहते. त्यात 2021 मध्ये सुरतेत मेट्रोचं काम सुरू झालं. खोदलेल्या रस्त्यांवरून आता जेवणाचे आणि किराण्याचे डबे पोचवणारी मुलं धावतात, भार सतत बदलत, दिवसाचे दहा-बारा तास गाडीवर. कंबर आणि मान त्यांचीच झिजते.

याचं उत्तर महागड्या शॉकअपमध्ये शोधायची गरज नाही. कापडाच्या शहरात मोजपट्टी प्रत्येक दुकानात आहे. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक अधांतरी करायचं, चाकाच्या आसापासून सीटखालच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंतचं अंतर मोजायचं. मग गाडी खाली उतरवून, नेहमीचा भार घेऊन आपण बसायचं आणि दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजायचं. चाकाचा एकूण प्रवास 90 मिलिमीटर असेल, तर या दोन मापांतला फरक 25 ते 30 मिलिमीटर असावा. जास्त आला तर कडी एक खाच वर, कमी आला तर एक खाच खाली, आणि पुन्हा माप. गठ्ठ्यांसह एकदा आणि एकट्याने एकदा मोजून खाचेचा आकडा टाकीखाली रंगाने लिहून ठेवला की परत मोजावं लागत नाही. कडी वर गेली की चेनचा ढिलेपणा आणि हेडलाइटचा झोतही तपासून घ्यावा, कारण दोन्ही तिच्याबरोबर हलतात.

कंपन्यांनी आणि विक्रेत्यांनीही आपला वाटा उचलायला हवा. नवी गाडी हातात देताना चावी, कागदपत्रं आणि पहिल्या सर्व्हिसची तारीख यांच्याबरोबर ग्राहकाला विचारावं, की या गाडीवर रोज काय वाहणार आहात. तो चंद्रकोरी पाना गाडीच्या हत्यारांत असावा आणि मराठी, गुजराती, हिंदीत एका चित्रासह त्याचा उपयोग सांगितलेला असावा. लिंबायतमधल्या गॅरेजवाल्याने चेन ताणताना गिऱ्हाइकाला ‘एकटे जाता की माल घेऊन?’ एवढं विचारलं आणि उत्तर ऐकून कडी एक खाच हलवली, तर त्याला जेमतेम दोन मिनिटं लागतील.